शनिवारची श्रद्धांजली

१

रुपा मेंगाळ बाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "सर, मी शनिवारी मरणार आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सोमवार होता, सतरा नोव्हेंबर. सावरखिंडच्या आमच्या केंद्रशाळेबाहेर भाताची झोडणी चालली होती. पेंढा आपटल्याचा आवाज ठरावीक अंतराने येत होता आणि प्रत्येक आवाजाबरोबर बाईंच्या पापण्या किंचित हलत होत्या. मी कागद हाती घेतला. तो माझाच होता.

केंद्रातल्या चौदा शाळांसाठी मी दर पंधरवड्याला 'केंद्रवार्ता' नावाचे पत्रक काढतो. प्रशिक्षणाच्या तारखा, बदल्या, वाढदिवस आणि शिक्षकांच्या उपक्रमांना कुठून निधी मिळेल याच्या सूचना, एवढाच त्याचा संसार. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडतो. त्या पत्रकातून मात्र मी सर्वांशी बोलतो, अशी माझी समजूत होती. खालच्या कोपऱ्यात 'ऐनवेळच्या बातम्या' म्हणून एक चौकट मी कोरी सोडतो. शनिवारी दुपारी मूळ प्रत कार्यालयातल्या टेबलावर ठेवतो. ज्याची बातमी उशिरा आली असेल त्याने ती छापून तिथे पट्टी चिकटवावी, असा आमचा शिरस्ता. सोमवारी पहिल्या एसटीने शाळेतल्या सकुबाई ती प्रत टोकावड्याला नेतात, झेरॉक्स काढतात आणि शाळाशाळांना धाडतात. मध्ये कोणी ती पुन्हा वाचत नाही. मीही नाही.

चौकटीत छापले होते:

'भावपूर्ण श्रद्धांजली. उंबरकोंड शाळेच्या शिक्षिका श्रीमती रुपा मेंगाळ (जन्म १ जून १९९४) यांचे शनिवार, दि. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी दुःखद निधन झाले. केंद्र परिवार त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.'

"जन्मतारीखसुद्धा माझी नाही," बाई म्हणाल्या. हसण्याचा त्यांचा प्रयत्न अर्ध्यावरच थांबला. "पण दुसऱ्या तारखेचं काय करू? ती अजून आलेली नाही."

पत्रकाच्या तळाशी संपादक म्हणून माझे नाव होते. प्रज्वल. मी ते तीन वेळा वाचले, आणि तिसऱ्या वेळी ते मला परक्याचे वाटले.

२

शनिवार हा दिवस उगाच निवडलेला नव्हता.

उंबरकोंड ही खिंडीपलीकडची वाडी. दिवाळी उलटली की तिथली कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. गेल्या वर्षी भट्टीवर रचलेल्या विटांचा थर कोसळला आणि त्याखाली दुसरीतला नवसू गेला. जूनमध्ये रुपा बाई त्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झाल्या आणि शाळेच्या मागच्या खोलीतच राहू लागल्या. नवसूची धाकटी बहीण भिमी रोज त्यांच्याच शेजारी बसून जेवायची.

ऑक्टोबरच्या अंकात मी एका संस्थेच्या निधीची सूचना छापली होती. एका केंद्रातून एकच प्रस्ताव. अंतिम मुदत शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर. बाईंनी त्यावर प्रस्ताव लिहिला: भट्टीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रशाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत पावसाळ्यापर्यंतचे वसतिगृह. वाडीत घरोघर फिरून त्यांनी अकरा मुलांची यादी केली आणि प्रत्येक आईबापाचा अंगठा घेतला. आता फक्त केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांचे, म्हणजे घरत गुरुजींचे, पटसंख्येचे प्रमाणपत्र बाकी होते. भट्टीचा ट्रक शनिवारी सकाळी यायचा होता. त्याआधी प्रस्ताव गेला नाही, तर अकराही मुले त्या ट्रकात बसणार होती.

"मी अर्ज मागे घेते, सर," बाई म्हणाल्या. "त्या खोलीत मी एकटी असते. कडी नीट बसत नाही."

मला पुष्कळ काही बोलायचे होते. मी एवढेच म्हणालो, "शुक्रवारपर्यंत थांबा."

मंगळवारी शिक्षण विस्तार अधिकारी मनस्वी विशे मॅडम आल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे. पोलिसांत जाण्याआधी दोन दिवस द्या, असे त्यांनी बाईंना विनवले आणि त्या दोन दिवसांसाठी सकुबाईंना त्यांच्या सोबतीला उंबरकोंडला झोपायला पाठवण्याचे ठरवले. मग पहिलीच्या बुटक्या बाकावर बसून त्यांनी मला समोर बोलावले.

"पत्रक तुमचं, संगणक तुमच्या हाताखालचा, नाव तुमचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असते तर मला कोणाचा संशय आला असता?"

"माझा," मी म्हणालो.

"उत्तर प्रामाणिक आहे. पण ते खोटारड्यालाही सुचतं." त्यांनी दोन शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "चला. तुमच्याच देखत बाकीच्यांना विचारते."

३

सकुबाई चुलीपुढून पदराला हात पुसत आल्या. शाळेची खिचडी त्या शिजवतात आणि आमच्यापैकी कोणालाच घाबरत नाहीत.

"तुम्ही कागद नेलात, मावशी. वाचला नाही?"

"माला वाचता येतं गो मॅडम, चौथी पास हाय मी. पन एसटीत उभ्या उभ्या कोन वाचतंय? एका हातात कागूद, दुसऱ्या हातात दांडा."

"शनिवारी दुपारनंतर कार्यालयात कोण कोण गेलं?"

"गुरुजी व्हते. अनिल सर व्हते. आन ह्ये आमचं लाजरं सर." त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "जगन आल्ता, पन त्याला म्या पायरी चढू दिली नाय. वरांडा नुकता पुसलेला, आन त्याचं पाय राखंनं भरलेलं. ग्येटातूनच परतवला. मंग साजंला कुलूप लावलं, ती किल्ली सोमवारपतुर माज्याच कनवटीला."

जगन हा भट्टीचा मुकादम, वाडीतलाच. तो फाटकाशी उभा राहून बोलला. आत ये म्हटले तरी आला नाही.

"बाईंना मी तोंडावर बोल्लो, मॅडम. बोल्लो, पोरां आईबापासंग जातील, तुमी मदी पडू नका. आता तोंडानं बोलनारा मानूस कागदावर कशाला लिवंल? माजी सही बगा कशी हाय ती. कोंबडा नाचल्यासारखी."

"ट्रक शनिवारी नक्की?"

"नक्की. आठला." तो माझ्याकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "सर, बाईंना सांगा, कडी नवी बसवून घ्या. वाडीत लोकां नाय नाय ते बोलत्यात."

ती काळजी होती की धमकी, हे मला कळले नाही. दिवसभर ते वाक्य माझ्या मानेवर बसून राहिले.

अनिल धानके सर आसनगावहून मोटारसायकलने येतात. संगणक कक्षासाठी त्यांनीही त्याच निधीला अर्ज केला होता; गुरुजींनी सभेत सर्वांसमक्ष रुपा बाईंचा प्रस्ताव निवडला तेव्हा अनिल सर चहा न घेताच उठून गेले होते.

"सरळ बोलतो, मॅडम. राग होता, आहे. पण इथे टंकलेखन, छपाई करणारे दोघंच. मी आणि प्रज्वल. मी केलेलं नाही. म्हणजे पुढचं गणित तुम्ही करा."

माझे कान तापले. मॅडमनी भलतेच विचारले. "शिक्षकांच्या गटावर वाढदिवसाच्या शुभेच्छा तुम्हीच पाठवता ना?"

"दोन वर्षं झाली. सकाळी सहाच्या ठोक्याला, केकच्या फोटोसह."

"रुपा बाई तर जूनमध्ये आल्या. त्यांचा वाढदिवस?"

"बारा जानेवारी. यादीत घेऊन ठेवलाय. केकही निवडून ठेवलाय."

शेवटी ज्ञानेश्वर घरत गुरुजी. आमचे मुख्याध्यापक. पांढरा सदरा, बोटांना खडूचा कायमचा कोरडेपणा. सोळा वर्षे ते उंबरकोंडला होते. जूनमध्ये बढती मिळून इथे आले.

"त्या पोरीला सांगा, जिवापेक्षा वसतिगृह मोठं नाही," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "माझं काय, सहा महिने राहिले. एकतीस मेला मी मोकळा. जाताना हे बघावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"प्रमाणपत्रावर सही तेवढी राहिलीय, गुरुजी."

"बाईंची इच्छा असेल तर शुक्रवारी बघू."

ते गेल्यावर मॅडम कितीतरी वेळ शेंगदाण्याची सालपटे फुंकत बसल्या. "प्रज्वल सर, या चौघांतल्या एकाने मला गुन्ह्याचा निम्मा पुरावा दिलाय," त्या म्हणाल्या. "उरलेला निम्मा उंबरकोंडला असणार. नसला, तर मात्र मला तुमच्याकडे परत यावं लागेल."

४

गुरुवारी सकाळी मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून मी खिंड ओलांडली. रानातून पाचोळा जाळल्याचा वास येत होता. शाळेच्या अलीकडेच मॅडमनी स्कूटर थांबवली, कारण आतून काहीच ऐकू येत नव्हते. जिथे मुले असतात तिथे एवढी शांतता नसते.

दारातून मी जे पाहिले ते अजून माझ्या झोपेत येते. बाईंच्या खुर्चीवर झेंडूची फुले रचलेली होती, पुढे एक पणती, आणि अकरा मुले हात जोडून ओळीने बसलेली. बाई कुठेही दिसत नव्हत्या.

मॅडमनी माझा दंड घट्ट धरला.

मग मागच्या खोलीतून रुपा बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या, आणि खुर्चीकडे पाहून जागीच थांबल्या. पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिले.

भिमी उठली. सात वर्षांची, केसांना तांबूस झाक. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, आमी आजच फुलां आनली. परवा आमी ट्रकात आसू ना. मंग तुमाला कोन घालंल?"

वाडीत कोणीतरी पत्रक मोठ्याने वाचून दाखवले होते. छापलेले असते ते खरे असते, हे या मुलांना आम्हीच शिकवले होते.

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मॅडमनी सावकाश पणती विझवली, फुले एका पोराच्या ओंजळीत दिली आणि मग जणू तपासणीलाच आल्या असाव्यात तशा म्हणाल्या, "बाई, जनरल रजिस्टर द्या."

"त्यात सत्तावीस नावं आहेत," रुपा बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मी आले तेव्हापासून सोळा मुलं पाहिलेलीच नाहीत. गुरुजींना विचारलं. म्हणाले, भट्टीवरून परतायची आहेत, नावं काढू नका. प्रस्तावात मी फक्त जी आहेत तीच लिहिली."

मॅडमनी पाने उलटली. त्यांचे बोट एका रकान्यावरून खाली घसरत गेले, थांबले, पुन्हा घसरले. त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर धरले.

"मोठ्याने वाचा. नुसत्या जन्मतारखा."

मी वाचू लागलो. तीन मार्च. एकोणीस ऑगस्ट. एक जून. एक जून. सात डिसेंबर. एक जून. पुढे पुढे माझा आवाज बारीक होत गेला. जी अकरा मुले माझ्यासमोर बसली होती त्यांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. जी सोळा नव्हती, ती सगळी एकाच दिवशी जन्मली होती.

५

शुक्रवारी अकरा वाजता कार्यालयात आम्ही सहाजण होतो: मॅडम, गुरुजी, अनिल सर, रुपा बाई, दाराशी सकुबाई, आणि कोपऱ्यात मी. टेबलावर प्रस्ताव आणि रजिस्टर शेजारीशेजारी.

"आपल्या केंद्रातले जुने शिक्षक एकतीस मेला निवृत्त होतात," मॅडमनी सुरुवात केली. "कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की आईबापांना तारीख माहीत नसायची. मास्तर अंदाजाने वय धरत आणि पुढे एक जून लिहीत. गुरुजी, तुमचीही जन्मतारीख तीच असणार."

गुरुजींनी मान हलवली.

"आता तसं होत नाही. वाडीतलं मूलही दाखला घेऊन येतं. त्या अकरांच्या तारखा पाहा. पण ज्याचा हात पस्तीस वर्षं या सवयीत गेलाय, त्याला तारीख माहीत नसली की तो थांबत नाही. तो एक जून लिहितो. श्रद्धांजलीतही तीच तारीख आहे. रुपा बाईंचा खरा वाढदिवस बारा जानेवारी. अनिल सरांना तो ठाऊक होता. केंद्रवार्तेची वाढदिवसांची यादी प्रज्वल सरांकडेच असते, त्यांनाही ठाऊक होता. जगन पायरीसुद्धा चढला नाही. श्रद्धांजली लिहिणाऱ्याला तारीख ठाऊक नव्हती, आणि ती कोरी सोडणं त्याच्या हाताला जमलं नाही."

"पण गुरुजी संगणकाला हात लावत नाहीत," अनिल सर म्हणाले.

"इथे लावत नाहीत. उंबरकोंड एकशिक्षकी शाळा. दरवर्षी सत्तावीस मुलांची माहिती ऑनलाइन भरली गेली. ती दुसऱ्या कोणी भरली असेल?"

बाहेर झोडणीचा आवाज थांबला होता. गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करतात," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी तीन नावं वाढवली. मग दरवर्षी थोडी. कोणी चौथी पूर्ण केली की त्याच्या जागी नवं नाव. तांदूळ वाडीतच वाटला, कोणालाही विचारा. मी त्यातला दाणा घरी नेला नाही."

"माज्या चुलतभावाच्या घरी दिल्ता," सकुबाई हळूच म्हणाल्या. "दर म्हयन्याला."

"बाईंची यादी वर गेली असती तर अकरा आणि सत्तावीस समोरासमोर आले असते. शाळा गेली असती. सभेत प्रस्ताव नाकारला असता तर कारण विचारलं गेलं असतं आणि पट उघडा पडला असता, म्हणून तो निवडला, आणि मग ती घाबरून स्वतःच मागे हटावी एवढंच मनात होतं. बदली मागेल, वाटलं."

"तुम्हाला माहीत होतं मी एकटी राहते," रुपा बाई म्हणाल्या.

"माहीत होतं." गुरुजींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिले. "मरणाची तारीख छापताना माझा हात थरथरला नाही, बाई. रात्री मला त्याचीच भीती वाटते. मुलांची नावं रचता रचता माणसाला वाटू लागतं, कागदावर कोणालाही जन्माला घालता येतं. मग उलटंही जमतं."

मग मॅडमनी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे सरकवले.

"याच्यावर खरा आकडा लिहिलात, तर तुमची चौकशी होणार. मीच अहवाल देणार. निवृत्तीच्या तोंडावर. आणि उंबरकोंडची शाळा बहुधा इथे जोडली जाईल. नाही लिहिलात, तर मुलं उद्या आठला ट्रकात. रजिस्टर मात्र माझ्याकडेच राहील. निवड माझी नव्हती, असं तुम्हाला म्हणता यायचं नाही, गुरुजी. सही तुमचीच लागते."

गुरुजींनी पेन उघडले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मला वाटले, आता ते उठून जातील. माझ्या घशाला नेहमीसारखी कोरड पडली होती. तरी मी बोललो.

"गुरुजी, उद्या नवसू त्या ट्रकात असणार नाही. भिमी असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी 'अकरा' लिहिले, आधी अंकी, मग अक्षरी, आणि खाली सही केली. मुलांच्या पाटीवर घालून देतात तसे सुवाच्य, गोल अक्षर.

अनिल सर उठले. "मुदत पाचची आहे. कल्याणपर्यंत मी नेतो, तिथून ऑनलाइनही चढवतो." दारात थांबून ते मला म्हणाले, "गणित चुकलं माझं, प्रज्वल."

६

शनिवारी ट्रक वाडीतली माणसे घेऊन आठला केंद्रशाळेच्या फाटकाशी आला आणि दहापर्यंत थांबला.

निधी मंजूर व्हायला महिना लागणार होता. पण खोल्या रिकाम्याच होत्या, सकुबाईंनी चूल लावली होती, आणि सतरंज्या मॅडमनी घरून आणल्या होत्या. रुपा बाई केंद्रशाळेच्या दाराशी उभ्या होत्या. रात्रभर त्या झोपल्या नसाव्यात. प्रत्येक आवाजाला त्या दचकत होत्या, आणि त्या दचकल्या की मीही दचकत होतो. कोण होते, का होते, सगळे उलगडले होते. तरी त्या दिवसाची भीती जायला तयार नव्हती.

आईबाप एकेक करून आले. कोणी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, कोणी काहीच न बोलता बोचके उंबऱ्याशी ठेवून वळले. नऊ मुले आत आली. दहावा ऐनवेळी ट्रकमधून उडी मारून धावत आला. त्याच्यामागून जगनने त्याची चप्पल भिरकावली. "घ्या बाई, ह्याबी तुमचा. सांबाळा."

भिमी आली नाही. तिची आई फाटकापर्यंत आली होती. "एक पोर गेलं," ती म्हणाली. "ही माज्या डोल्यांपुढं ऱ्हाऊ दे. मेली तरी माज्यापुढं मरंल." बाईंनी तिच्याशी बोलून पाहिले, हात धरून पाहिला. आई रडली नाही, चिडली नाही. तिने फक्त मुलीला उचलून वर दिले.

ट्रक माळशेजच्या रस्त्याला वळला. मागच्या फळीवरून भिमी हात हलवत होती. बाई जिवंत आहेत म्हणून तिला आनंद झाला असावा.

दुपारी बाईंनी हजेरी घेतली. दहा मुले, दहा 'हजर'. अकराव्या नावापाशी त्या थांबल्या. भट्टीवर गेलेल्या मुलाचे नाव त्याच दिवशी भट्टीच्या गावच्या शाळेकडे वर्ग करायचे, असा नियम आहे. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"पावसाळ्याआधी येईल," रुपा बाई कोणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या.

त्यांनी नाव काढले नाही. त्या रकान्यात बाईंनी काय लिहिले ते पाहायला मी पुढे झालो नाही.